जोडणी की नक्कल? दोन डेटाबेसमधील टेबलांच्या देवाणघेवाणीचा इतिहास

१. प्रस्तावना

डेटाबेसच्या प्रात्यक्षिकात दुसऱ्या फाइलमधले टेबल आपल्या फाइलमध्ये आणायचे असते, तेव्हा संगणक तुम्हाला विचारतो: हे टेबल इम्पोर्ट करायचे की लिंक करायचे? इम्पोर्ट केले तर सगळ्या नोंदींची नक्कल तुमच्या डेटाबेसमध्ये उतरते आणि मूळ टेबलाशी तिचा संबंध तिथेच संपतो. लिंक केले तर नोंदी जिथल्या तिथे राहतात. तुमच्याकडे फक्त त्यांचा पत्ता येतो आणि टेबल उघडताना दर वेळी मूळ जागेवरून माहिती आणली जाते. पडद्यावर मात्र दोन्ही वेळा सारखेच टेबल दिसते.

फरक कळतो तो मूळ नोंद बदलल्यावर. लिंक केलेल्या टेबलात बदल लगेच दिसतो. इम्पोर्ट केलेल्या टेबलाला त्याचा पत्ताच नसतो. नोंद पुस्तकांच्या यादीतली असेल तर फारसे बिघडत नाही. ती कोणाच्या जमिनीची, रेशनची किंवा उपचाराच्या पात्रतेची असेल, तर जुनी नक्कल त्या माणसाचा हक्क अडवू शकते.

प्रस्तुत निबंधात आपण या दोन पर्यायांचा इतिहास पाहणार आहोत. कोणता पर्याय चांगला, असा निवाडा इतिहासाने कधी दिलेला नाही. प्रत्येक टप्प्यावर प्रश्न मात्र एकच होता: खरी नोंद कोणाकडची मानायची, आणि कोणत्या तारखेची?

२. संगणकापूर्वीची लिंक आणि नक्कल

हा प्रश्न संगणकाने जन्माला घातलेला नाही. महाराष्ट्रातला सातबारा उतारा पाहा. गाव नमुना ७ मध्ये जमिनीचा कब्जेदार आणि क्षेत्र असते, गाव नमुना १२ मध्ये पिकांची नोंद असते. दोन वेगळे तक्ते भूमापन क्रमांकाने जोडून एकाच कागदावर येतात, म्हणून नाव ‘सातबारा’. तुमच्या राज्यात हाच दस्तऐवज खतौनी, जमाबंदी किंवा पहाणी अशा नावाने ओळखला जात असेल.

सातबाऱ्यावर कब्जेदाराच्या नावाजवळ वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफार क्रमांक. जमीन त्या व्यक्तीकडे खरेदीने आली, वारसाने आली की वाटणीने, हे सातबाऱ्यावर सविस्तर लिहिलेले नसते. त्यासाठी फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६, उघडावी लागते. आजच्या भाषेत सांगायचे तर वर्तुळातला आकडा ही लिंक आहे.

आणि ‘उतारा’ हा शब्द? मूळ दप्तरातून उतरवून घेतलेला कागद तो उतारा. दप्तर तलाठ्याकडेच राहते. शेतकरी पीककर्जासाठी बँकेत नेतो ती नक्कल. तिच्यावर तारीख, सही आणि शिक्का असतो, कारण त्या दिवशी दप्तरात काय लिहिले होते एवढेच ती सांगू शकते. म्हणून बँक ताजा उतारा मागते. कागदाच्या कारभाराला नकलेची मर्यादा नीट माहीत होती, हे लक्षात ठेवा. संगणकाच्या युगात ती बराच काळ विसरली गेली.

३. एकाच गोष्टीच्या अनेक नोंदी

१९५० आणि १९६० च्या दशकांत मोठ्या कंपन्या आणि सरकारी खाती आपल्या नोंदी पंचकार्डांवर आणि चुंबकीय फितींवर ठेवत. प्रत्येक कामाची फाइल वेगळी असे. पगारपत्रकाच्या फाइलमध्ये कर्मचाऱ्याचा पत्ता, भविष्यनिर्वाह निधीच्या फाइलमध्ये पुन्हा तोच पत्ता. कर्मचाऱ्याने घर बदलले की एका फाइलमध्ये नवा पत्ता येई आणि दुसरीत जुना राही. मग दोन विभागांत वाद होई आणि दोघांकडेही दाखवायला कागद असे.

यावर पहिला मोठा उपाय निघाला तो सगळ्यांसाठी एकच सामायिक साठा ठेवण्याचा. चार्ल्स बाखमन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल इलेक्ट्रिक कंपनीत इंटिग्रेटेड डेटा स्टोअर ही प्रणाली उभी केली. १९७३ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. पुढे १९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडणारा लेख प्रसिद्ध केला. तुम्ही आज जी टेबले वापरता ती या लेखाची देणगी. टेबलांची रचना सर्वांच्या लक्षात राहिली, पण त्या लेखाचा उत्तरार्ध पुनरावृत्ती आणि सुसंगती या दोन विषयांवर आहे. तीच माहिती दोन ठिकाणी असेल तर ती परस्परविरोधी होऊ शकते, आणि अशी विसंगती प्रणालीला ओळखता यायला हवी, हा त्यांचा आग्रह होता. नॉर्मलायझेशनचे जे नियम तुम्ही पाठ करता, त्यांच्यामागे हीच काळजी आहे.

मात्र कॉड यांच्या उपायात एक गोष्ट गृहीत होती: सगळी टेबले एका साठ्यात, एका व्यवस्थापनाखाली आहेत. साठे दोन झाले आणि त्यांचे मालकही दोन असले, तर काय करायचे?

४. साठा एका छपराबाहेर जातो

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणक एकमेकांना जोडले जाऊ लागले आणि हा प्रश्न प्रत्यक्ष समोर आला. अमेरिकेत कॉम्प्युटर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या संस्थेने एसडीडी-१ ही प्रणाली बांधली. एकाच माहितीच्या प्रती अनेक ठिकाणी ठेवता येत आणि त्या एकसारख्या राखण्याची जबाबदारी प्रणाली घेई. आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेत आर-स्टार हा प्रकल्प सुरू झाला. त्याचा भर वेगळा होता: प्रत्येक ठिकाणाने आपल्या माहितीवरचा ताबा आपल्याकडेच ठेवावा, आणि तरी दुसऱ्या ठिकाणच्या वापरकर्त्याला ती विचारता यावी. लिंकमागचे तत्त्व इथे स्पष्ट शब्दांत आले.

त्याच सुमारास नकलेलाही प्रतिष्ठेचे स्थान मिळाले. १९८० मध्ये मिशेल अदिबा आणि ब्रूस लिंडसे यांनी डेटाबेस ‘स्नॅपशॉट’ची कल्पना मांडली. एखाद्या क्षणी टेबल जसे होते तसे टिपून ठेवायचे, त्यात कोणाला बदल करू द्यायचा नाही, आणि ठरावीक काळाने मूळ टेबलावरून ते ताजे करायचे. छायाचित्र कोणत्या दिवशी काढले हे माहीत असेल तर त्यातला माणूस आज वेगळा दिसतो म्हणून आपण तक्रार करत नाही. स्नॅपशॉटचा दावा तेवढाच मर्यादित होता, आणि म्हणून तो प्रामाणिक होता. उताऱ्यावरची तारीख संगणकात परत आली, असे म्हणायला हरकत नाही.

१९८७ मध्ये क्रिस डेट यांनी विखुरलेल्या डेटाबेससाठी बारा नियम सांगितले. त्यांचे मूळ सूत्र असे: वापरकर्त्याला विखुरलेली प्रणाली एकसंध प्रणालीसारखीच दिसली पाहिजे. हे ध्येय आकर्षक होते. पण त्याची दुसरी बाजूही तुम्ही ध्यानात घ्या. टेबल आपले आहे की परक्याचे, हे वापरकर्त्याला कळेनासे झाले, तर ती नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा, हेही कळेनासे होते.

५. टेबलावरचा संगणक आणि १९९२ चे वर्ष

हे सगळे मोठ्या प्रयोगशाळांत चालले असताना सामान्य कार्यालयांत वेगळेच घडत होते. १९८० च्या दशकात वैयक्तिक संगणक आले आणि त्यांच्याबरोबर डीबेस, पुढे फॉक्सप्रो. भारतातल्या असंख्य कार्यालयांनी आणि महाविद्यालयांनी डेटाबेसचे पहिले धडे यांच्यावरच गिरवले. नेटवर्क नसल्याने माहिती एका संगणकावरून दुसऱ्यावर जाई ती फ्लॉपीवरून. फ्लॉपीने फक्त नक्कलच नेता येते. प्रत्येक टेबलावर एकेक यादी तयार झाली आणि वीस-तीस वर्षांपूर्वीच्या फितींचा गोंधळ नव्या रूपात परतला.

१९९२ मध्ये दोन गोष्टी झाल्या. एक, वेगवेगळ्या कंपन्यांच्या डेटाबेसशी एकाच पद्धतीने बोलता यावे यासाठी ओडीबीसी हा मानक संच आला. दुसरी, त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस बाजारात आले. त्यात दुसरीकडचे टेबल आणण्याचे दोन मार्ग होते: ‘इम्पोर्ट’ आणि ‘अटॅच’. पुढे ॲक्सेस ९५ मध्ये ‘अटॅच’चे नाव ‘लिंक’ झाले. प्रयोगशाळेतला वाद आता साध्या कारकुनाच्या पडद्यावर दोन पर्याय बनून उभा होता.

प्रात्यक्षिकासाठी काही गोष्टी लक्षात ठेवा. लिंक केलेल्या टेबलाच्या चिन्हाशेजारी छोटा बाण असतो. यादीतून ते टेबल काढून टाकले तर फक्त दुवा जातो, मूळ टेबल सुरक्षित राहते. पण ते उघडून आतली ओळ पुसली, तर मूळ टेबलातली ओळ जाते. लिंक केलेल्या टेबलाची रचना तुम्हाला तिथून बदलता येत नाही. दोन वेगळ्या डेटाबेसमधील टेबलांमध्ये संदर्भ-अखंडतेचा नियम लागू करता येत नाही. म्हणजे तुमच्या टेबलातील विद्यार्थी क्रमांक समोरच्या टेबलात खरोखर आहे की नाही, याची हमी प्रणाली घेत नाही. मूळ फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की दुवा तुटतो. इम्पोर्टमध्ये यांतले काही घडत नाही. नक्कल वेगाने चालते, नेटवर्क नसले तरी चालते, तुम्हाला हवी तशी बदलता येते. फक्त ती जुनी होत जाते, आणि जुनी झाल्याचे सांगत नाही.

६. दोन उत्तरे

१९९० च्या दशकात दोन्ही मार्गांची स्वतंत्र शास्त्रे झाली. एका बाजूला डेटा वेअरहाउस. आयबीएमच्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी १९८८ मध्ये त्याचा आराखडा मांडला होता. बिल इनमन यांच्या पुस्तकाने तो विचार सर्वत्र पोहोचवला. इथे नक्कल हाच उद्देश आहे. मागच्या वर्षी विक्री किती होती हे कळायचे असेल, तर मागच्या वर्षीची नोंद जशीच्या तशी जपून ठेवावी लागते. आजच्या टेबलाशी जोडलेली लिंक तुम्हाला फक्त आजचे सांगेल. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. जुन्या नकला नसत्या तर इतिहासच लिहिता आला नसता.

दुसऱ्या बाजूला संघीय डेटाबेस. पिलानीच्या बिट्स संस्थेत शिकलेले अमित शेठ यांनी जेम्स लार्सन यांच्यासह १९९० मध्ये लिहिलेला आढावा या विषयातला पायाभूत लेख मानला जातो. ‘संघीय’ हा शब्द राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल, आणि अर्थही जवळचा आहे: प्रत्येक घटक डेटाबेस आपली स्वायत्तता राखतो आणि ठरलेल्या गोष्टींपुरता इतरांना सामील होतो. पुढे एसक्यूएलच्या मानकात बाहेरील टेबलांसाठी स्वतंत्र भाग आला. पोस्टग्रेस या मुक्त प्रणालीने २०११ च्या ९.१ आवृत्तीत परकी टेबले वाचण्याची सोय दिली, आणि २०१३ च्या ९.३ आवृत्तीत दुसऱ्या पोस्टग्रेस साठ्यातल्या टेबलात लिहिण्याचीही.

७. जुळणीची किंमत

आता तंत्राकडून माणसांकडे येऊ. १९७७ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याने ‘प्रोजेक्ट मॅच’ हाती घेतला. कल्याणकारी मदत घेणाऱ्यांची यादी आणि केंद्र सरकारी नोकरांच्या पगाराची यादी एकमेकांशी ताडून पाहिली गेली. दोन्हींत नाव असेल तर संशय. पण यादीतले जुळणे म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नव्हे. दोन याद्या वेगवेगळ्या तारखांच्या असू शकतात. मदत बंद झाल्यावर नोकरी लागलेली असू शकते. अशा अनुभवांनंतर १९८८ मध्ये तिथे संगणकीय जुळणीविषयी कायदा झाला. केवळ जुळणीवरून कोणाची मदत थांबवता येणार नाही, आधी स्वतंत्र पडताळणी करावी आणि त्या व्यक्तीला नोटीस देऊन बाजू मांडण्याची संधी द्यावी, हे बंधन त्याने घातले. फेरफार नोंदवताना हितसंबंधितांना नोटीस देऊन हरकती मागवतात, त्याच जातीचे हे तत्त्व आहे.

ऑस्ट्रेलियाने हा धडा महागात शिकला. ‘रोबोडेट’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या योजनेत करखात्याकडची वार्षिक उत्पन्नाची माहिती कल्याणखात्याच्या पंधरवड्याच्या नोंदींशी ताडली गेली. वर्षाचे उत्पन्न २६ पंधरवड्यांत सारखे वाटून टाकले जाई. वर्षातले काही महिनेच काम मिळालेल्या माणसाचे हिशेब अर्थातच जुळेनात, आणि त्याच्या नावावर कर्ज लागे. २०२० मध्ये सरकारने सुमारे ४ लाख ७० हजार वसुल्या परत करण्याचे जाहीर केले, आणि २०२३ मध्ये रॉयल कमिशनने या योजनेवर कठोर अहवाल दिला. इथे आकडे चुकीचे आणलेले नव्हते. आकडा आला, पण तो कोणत्या कालावधीचा आहे हा त्याचा अर्थ वाटेत गळला.

८. आपल्याकडची उदाहरणे

भारतात सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणना २०११ मध्ये सुरू झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली, तेव्हा तिची सुमारे १०.७४ कोटी पात्र कुटुंबे याच गणनेच्या आधारे ठरवली गेली. ही एका मोठ्या टेबलाची इम्पोर्ट होती. त्यामागे कारणही होते: देशभर घरोघरी जाऊन जमवलेली अशी दुसरी यादी हाताशी नव्हती. पण सात वर्षांत कुटुंबे विभागतात, स्थलांतर करतात, कर्जात बुडतात. २०११ मध्ये बरी परिस्थिती असलेले आणि २०१८ मध्ये कंगाल झालेले कुटुंब त्या यादीत असणार कसे? पुढे कुटुंबात नवे सदस्य जोडण्याची सोय करावी लागली आणि राज्यांना अन्य याद्यांचाही आधार घेण्याची मुभा मिळाली. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्याखालील सुमारे ८१.३५ कोटी लोकांची मर्यादाही २०११ च्या जनगणनेवरून काढलेली आहे. लोकसंख्या वाढत राहिली. नक्कल तिथेच थांबली.

याच्या उलट उदाहरण ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेचे. पूर्वी रेशनकार्ड एका ठरावीक दुकानाशी बांधलेले असे. गाव सोडून मजुरीला गेलेल्याचे धान्य गावातच अडकून पडे. ऑगस्ट २०१९ मध्ये आंध्र प्रदेश–तेलंगण आणि महाराष्ट्र–गुजरात या दोन जोड्यांमध्ये कार्ड दुसऱ्या राज्यात चालू लागले. जून २०२२ पर्यंत सर्व ३६ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश सामील झाले. हे काम नकलेने होणे शक्य नव्हते. सुरतेत धान्य उचलले तर त्याच महिन्यात धुळ्याच्या खात्यातून ते वजा दिसले पाहिजे. अर्थात इथे लिंकची कमजोरीही दिसते. दुकानातल्या यंत्राला नेटवर्क मिळाले नाही, की यादीत नाव असूनही माणूस रिकाम्या पिशवीने परततो. जी माहिती आज हाताशी हवीच, तिला लिंकबरोबर एखादा पर्यायी मार्गही हवा.

डिजिलॉकर तुमच्यापैकी अनेकांनी वापरले असेल. २०१५ पासून सुरू असलेल्या या व्यवस्थेत मंडळाने किंवा विद्यापीठाने दिलेली गुणपत्रिका दुव्याद्वारे थेट देणाऱ्या संस्थेकडून येते. तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेली प्रत मात्र वेगळ्या विभागात राहते. मूळ आणि नक्कल यांतला फरक लपवलेला नाही, हा तिचा गुण.

९. समारोप

तुम्ही उद्या एखाद्या कार्यालयात, बँकेत किंवा संशोधन प्रकल्पात टेबल आणायला बसाल, तेव्हा चार प्रश्न स्वतःला विचारा. या माहितीचा मूळ मालक कोण? ती किती वेगाने बदलते? मूळ ठिकाणाशी संपर्क तुटला तर काम थांबून चालेल का? आणि ज्याची ही नोंद आहे त्याने ती दुरुस्त करून घेतली, तर दुरुस्ती माझ्यापर्यंत कशी पोहोचेल?

चौथा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नागरिकाला आपल्या माहितीत दुरुस्ती आणि पूर्तता मागण्याचा हक्क दिला आहे. पण त्या माहितीच्या नकला कुठे कुठे गेल्या हे कोणी लिहूनच ठेवले नसेल, तर दुरुस्ती मागायची कोणाकडे? म्हणून इम्पोर्ट करताना निदान दोन रकाने जास्त ठेवा: माहिती कोठून घेतली आणि कोणत्या तारखेला. तलाठी उताऱ्यावर तारीख घालतो, तेवढी शिस्त आपल्या टेबलांनाही लावता येईल.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्याचा पत्ता किती ठिकाणी नोंदलेला असतो? तो बदलला तर कोणकोणत्या ठिकाणी आपोआप बदलेल?

२. स्नॅपशॉट आणि साधी इम्पोर्ट यांत काय फरक आहे? तारखेची नोंद त्यात कोणती भूमिका बजावते?

३. रोबोडेट योजनेत करखात्याची माहिती इम्पोर्ट न करता लिंक केली असती, तर चूक टळली असती का? कारणे द्या.

४. तुमच्या राज्यातील जमिनीच्या दस्तऐवजात एका नोंदवहीतून दुसरीकडे जाणारे संदर्भ शोधा, आणि त्यांपैकी लिंक कोणती व नक्कल कोणती ते सांगा.